बैठकीला काय अंथराल?

वाचकहो, दिवाळी सरली, धान निघाले आणि चुकारे हाती आले की आपल्या झाडीपट्टीत दोन गोष्टींची गडबड उडते. एक म्हणजे गावोगावच्या मंडया आणि त्यांतली रात्रभर चालणारी नाटके. दुसरी म्हणजे सोयरिकीच्या बैठका. दोन्हीसाठी काहीतरी अंथरावे लागतेच. नाटकाला जाताना घरातली जुनी चटई काखोटीला मारली की काम भागते, ती कशाची आहे हे कोणी पाहत नाही. पण घरी पाहुणे यायचे म्हटले की तीच चटई आपल्याला एकाएकी लाजिरवाणी वाटू लागते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मूल तालुक्यातल्या एका गावी धानाची पाहणी करून परतत होतो. ओळखीच्या एका शेतकऱ्याने चहाला थांबवले. जुने मातीचे घर पाडून त्याने नवे पक्के घर बांधले होते. समोरच्या खोलीत पांढऱ्या, चकचकीत टाइल्स बसवल्या होत्या. घरच्या ताईंनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "साहेब, तुमी चांद्याले नेहमी जाता. आमाले एक चांगला गालिचा पाहून द्या ना जी. लेकीले पाहाले पाव्हणे येऊन राहिले."

कोपऱ्यात सिंदीच्या जुन्या चटईवर आजी बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, "अन् रोवण्याच्या बाया हिशेबाले येतीन, त्या कुठं बसतीन?"

कोणी उत्तर दिले नाही. ताई आत गेल्या, दादा बाहेर पाहू लागले. मीही चहाची बशी उचलली. पण आजींचा प्रश्न माझ्याबरोबर एस.टी.त चढला, आणि पुढे वरोऱ्यापासून धानोऱ्यापर्यंत माझ्या सोबत राहिला. त्या प्रवासात जे पाहिले, ते तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

आधी खोली मोजा

बाजारात जाण्याआधी पहिले काम घरातच करायचे असते. खोलीची लांबी-रुंदी मोजा. ती कागदावर लिहून खिशात ठेवा. अंदाजाने गेलात की हमखास मोठा तरी आणाल नाही तर छोटा तरी.

आमच्या या घरातली खोली १२ फूट बाय १४ फूट होती. म्हणजे १६८ चौरस फूट. दादांचा विचार होता की खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत झाकून टाकावी. मी त्यांना थांबवले. चारही बाजूंनी दोन-दोन फूट जागा मोकळी सोडली तर मधली बैठक ८ बाय १० फुटांची उरते, म्हणजे ८० चौरस फूट. दहा-बारा माणसे मांडी घालून ऐसपैस बसतात. खर्च निम्म्याहून कमी होतो, आणि कडेची फरशी रोज झाडता-पुसता येते. भिंतीपर्यंत चिकटवलेला गालिचा उचलता येत नाही. आपल्याकडे चार महिने पाऊस कोसळतो, भिंती ओल धरतात. अशा घरात त्या गालिच्याखाली काय काय साचते, हे तो उचलला म्हणजेच कळते.

मग स्वतःला चार प्रश्न विचारा. जमीन कशी आहे, शेणाने सारवलेली की फरशीची? त्यावर बसणार कोण, रोजची माणसे की वर्षातून दोनदा येणारे पाहुणे? घरात दमेकरी, रांगते मूल किंवा काठी टेकीत चालणारे म्हातारे माणूस आहे काय? आणि घरच्या बाईला ती वस्तू एकटीने उचलून धुता येईल काय? या चार उत्तरांत तुमची निम्मी निवड होऊन जाते.

चांद्याच्या बाजारात

ठरल्या दिवशी दादा आणि ताई माझ्याबरोबर चंद्रपूरला आले. जटपुरा गेटातून आत शिरून आम्ही गोल बाजाराच्या बाजूला दुकाने पाहत निघालो. पहिल्याच दुकानात तांबड्या-सोनेरी वेलबुट्टीचा गालिचा उलगडला गेला आणि ताईंचे डोळे त्याच्यावर खिळले.

इथे मला माझीच फजिती सांगावी लागेल. नोकरीच्या सुरुवातीला मी तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत राहत असे. एका प्रदर्शनात असाच एक गालिचा स्वस्तात मिळाला म्हणून घेतला. उन्हाळा बरा गेला. आषाढात त्याला कुबट वास येऊ लागला. श्रावणात त्याच्या पाठीचे कापड सुटले, आतला चिकट थर भुसभुशीत होऊन गळू लागला. कडा वर वळल्या, त्या कडेला माझ्या आईचा पाय अडकला आणि मनगट मोडले. गालिचा वाईट होता असेही नाही. तो माझ्या घरासाठी नव्हता, आणि मी त्याला उलटा करून पाहिले नव्हते.

म्हणून पहिला धडा हा, की गालिचा नेहमी उलटा करून पाहा. हाताने गाठी मारून विणलेल्या गालिच्याची नक्षी पाठीमागेही तेवढीच स्पष्ट दिसते, गाठींच्या ओळी बोटाला लागतात, आणि टोकाची झालर म्हणजे त्याचेच उभे धागे असतात. पाठीवर कापड चिकटवलेले दिसले, तर ते धागे यंत्राच्या पिस्तुलाने टोचून मागून डिंकासारख्या रबरी चिकाने पक्के केलेले असतात. ओलसर घरात हा चीक आधी जातो. पाठ अगदी एकसारखी आणि झालर वेगळी शिवलेली असेल, तर तो यंत्रावर विणलेला माल समजावा. यंत्राचा माल म्हणजे फसवणूक नव्हे, पण त्याला हातविणीची किंमत देऊ नये.

दुसरा धडा धाग्याचा. दुकानदाराच्या परवानगीने कडेचा एक सुटा धागा घ्या आणि दुकानाबाहेर काडी लावून पाहा. लोकर हळू जळते, केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरडली जाते. सूत आणि ताग कागदासारखे भुरकन जळतात. नायलॉन, पॉलिप्रॉपिलीन यांसारखे कृत्रिम धागे वितळतात आणि त्यांचा कडक मणी होतो. कृत्रिम धाग्याला कसर लागत नाही, तो धुताही येतो आणि स्वस्तही असतो. पण निखारा किंवा उदबत्तीची ठिणगी पडली की तो वितळून भोक पडते. लोकर उबदार आणि टिकाऊ खरी, पण मे महिन्यात ४६-४७ अंशांत तापणाऱ्या आपल्या मुलखात तिचा उपयोग किती, याचा विचार करावा. शिवाय लोकरीला कसर लागते.

तिसरा धडा रंगाचा. पांढरे फडके ओले करून गालिच्यावर दहा-वीस वेळा घासा. फडक्याला रंग लागला तर पहिल्याच धुण्यात तुमची फरशीही रंगेल.

दुकानदाराने शेवटी भदोहीचा हातविणीचा गालिचा दाखवला. उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूर पट्ट्यातले हे काम जगभर जाते. २०१० मध्ये भदोहीच्या हातविणीच्या गालिच्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. काम खरोखर सुंदर. पण या धंद्याला एक काळी बाजूही होती. बारीक गाठी मारायला लहान बोटे बरी म्हणून मुलांना मागावर बसवले जाई. त्याविरुद्ध चळवळ झाली, आणि १९९४ मध्ये बालमजुरी नसलेल्या मालाला 'रगमार्क' नावाची खूण देण्याची व्यवस्था सुरू झाली. पुढे तिचे नाव 'गुडवीव' झाले. कोणाला असा महागाचा गालिचा घ्यायचाच असेल, तर त्याने अशी खूण आहे काय हे जरूर विचारावे. आपल्या बैठकीखाली दुसऱ्याच्या लेकराचे बालपण दबलेले नसावे.

ताईंनी किंमत ऐकली आणि गालिच्यावरचा हात हळूच काढून घेतला. दादा म्हणाले, "साहेब, एवढ्यात त एक गोऱ्हा येते."

मी म्हटले, "चला वरोऱ्याला. माझे तिथे काम आहे. तुम्हीही पाहून घ्या."

आनंदवनातली सतरंजी

चंद्रपूरहून वरोऱ्याकडे निघाले की भद्रावती लागते. या वाटेने कोळशाच्या गाड्या सारख्या जात असतात. माजरी, घुग्घूस, बल्लारपूर या पट्ट्यात राहणाऱ्या वाचकांना सांगायला नको की पायाबरोबर काळी भुकटी घरात येते ती गालिच्याच्या मुळाशी जाऊन बसते. अशा गावांत लांब लवीचा गालिचा घेणे म्हणजे धूळ जमवण्याचे भांडे घेणे. तिथे सपाट विणीची, झटकता येणारी सतरंजीच चांगली. आणि दारात काथ्याचे पायपुसणे हवेच.

वरोऱ्याजवळ आनंदवन आहे. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली. खडकाळ माळ, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये, एवढ्यावर हे काम सुरू झाले. त्याच माळावर विहिरी खणल्या गेल्या, शेती उभी राहिली, पुढे हातमाग आले. सतरंज्या, चादरी, टॉवेल तिथे विणले जाऊ लागले.

फाटकाशी आल्यावर ताई थांबल्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "इथलं कापड घरी नेलं त सोयरे काय म्हणतीन?"

त्यांचा दोष नव्हता. आनंदवनाच्या सुरुवातीच्या दिवसांत तिथले दूध आणि भाजी घ्यायलाही लोक धजावत नसत. ती भीती घराघरांत अजून थोडी उरली आहे. म्हणून मी ताईंना जे सांगितले ते तुम्हालाही सांगतो.

कुष्ठरोग हा शाप नाही, पापाचे फळ नाही आणि पिढीजातही नाही. तो एका जंतूमुळे होतो. नॉर्वेच्या हॅन्सन नावाच्या डॉक्टरने १८७३ मध्ये तो जंतू शोधून काढला. १९८० नंतर बहुविध औषधोपचार आला. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो, आणि औषध सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णापासून दुसऱ्याला लागण होण्याचे थांबते. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. बऱ्या झालेल्या माणसाने विणलेल्या सतरंजीतून हा रोग कोणालाही होत नाही. बोटे वाकडी दिसतात ती जुन्या रोगाने नसा मेल्याची खूण असते, आजचा रोग नव्हे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत अजून नवे रुग्ण सापडतात. म्हणून अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला आणि तिथे टोचलेले कळत नसेल, तर लपवू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. वेळेवर दाखवले तर बोट वाकडे होण्याची पाळीच येत नाही.

आम्ही आत गेलो. ताईंनी सतरंजी हातात घेतली, उलटीसुलटी केली, कोपरा ओढून पाहिला. सतरंजीची खुबी अशी की तिला उलटी बाजूच नसते. दोन्ही बाजूंनी सारखीच वीण. सहा महिने एक बाजू वापरा, सहा महिने दुसरी. सुताची असल्यामुळे घाम टिपते, उन्हाळ्यात पायाला तापत नाही, विहिरीवर नेऊन धोपटता येते. घेताना एवढे पाहावे की वीण घट्ट आहे काय, उजेडासमोर धरली तर जाळी दिसते काय, काठ सरळ आहेत काय, आणि कोपरे एकावर एक नीट बसतात काय. वजनही हातात घेऊन पाहावे. एकाच मापाच्या दोन सतरंज्यांत जड असेल तिच्यात सूत जास्त. आपल्या वऱ्हाडात अकोटच्या सतरंज्यांचे नाव पूर्वीपासून आहे. जुन्या जाणत्यांच्या घरी अशी एखादी सतरंजी अजून सापडेल.

ताई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग दादांना म्हणाल्या, "दोन घ्या. मोठी एक नको. मोठी वली झाली त माह्याच्यानं उचलत नाही."

मी मनात त्यांना शाबासकी दिली. ५ बाय ८ च्या दोन सतरंज्या शेजारी टाकल्या की बरोबर १० बाय ८ ची बैठक होते. एक धुवायला टाकली तर दुसरी घरात राहते. एक मंडईला नेता येते. हिशेब मी सांगायचा, पण तो त्यांनी आपल्या पाठीच्या कण्याने केला होता.

चिचपल्लीचा बांबू

परतीच्या वाटेवर चंद्रपूरहून मूलकडे निघाले की जंगलात चिचपल्ली लागते. इथे २०१४ मध्ये स्थापन झालेले बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बांबूपासून वस्तू बनवण्याचे शिक्षण इथे मिळते. पण बांबूची चटई आपल्याला कोणी शहाण्याने शिकवलेली नाही. आपले बुरूड बांधव पिढ्यान् पिढ्या सुपे, टोपल्या, तट्टे आणि चटया विणीत आले आहेत.

शेणाने सारवलेल्या जमिनीवर सुताची सतरंजी थेट टाकू नये. जमिनीतली ओल तिला लागते आणि वाळवी खालून पोखरते. आधी बांबूची किंवा सिंदीची चटई टाकावी, तिच्यावर सतरंजी. चटई खालून वारा खेळू देते. पण तीही सकाळी उचलून उभी करायची. पडून राहिलेल्या वस्तूला आपल्या मुलखात वाळवी सोडत नाही.

बांबूची चटई घेताना कामट्या पाहा. हिरव्या सालीकडच्या कामट्या टणक आणि गुळगुळीत असतात, आतल्या गाभ्याच्या कामट्या ठिसूळ. चटई झटकून पाहा. पिवळट भुगा गळाला तर घुण लागला असे समजा. घुण्याला बांबूतला पिठूळ अंश आवडतो. म्हणून बांबू कोवळा तोडू नये, निदान तीन वर्षांचा झालेला असावा, आणि पावसाळा संपल्यावर हिवाळ्यात तोडावा. तोडलेला बांबू वाहत्या पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवला तर हा पिठूळ अंश बराच धुऊन जातो. बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या पाण्यात भिजवण्याचीही रीत आहे. पण तसा बांबू सुपाला किंवा धान्याच्या ढोलीला वापरू नये.

आता शेतकरी म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवा. १९२७ च्या वन कायद्यात बांबूची गणती झाडांत होत होती, त्यामुळे स्वतःच्या धुऱ्यावरचा बांबू तोडून नेतानाही अडचणी येत. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि जंगलाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू त्या व्याख्येतून वगळला गेला. बांधीच्या धुऱ्यावर चार रांजी लावल्या तर घरच्या चटया आणि मांडवाचे वासे घरचेच होतील. वर जो उरेल तो गावच्या बुरुडाला द्या. तो तुम्हाला चटई देईल आणि त्याच्या हाताला कामही राहील.

दादांनी वाटेतल्या एका बुरुडाकडून सहा फुटी चटई घेतली. ती आजींच्या कोपऱ्यासाठी. किंमत सांगितली तेवढी दिली. एरवी बैलाच्या बाजारात दोन तास घासाघीस करणारा हा माणूस, मला थोडे आश्चर्यच वाटले. म्हणाले, "सकाळपासून दुकानात भाव करून थकलो जी. याच्याजवळ काय भाव करावं?"

मेंढ्याची सभा

पुढच्या महिन्यात मला गडचिरोलीकडे जायचे होते. मूल, सावली ओलांडून वैनगंगेच्या पुलावरून पलीकडे गेले की गडचिरोली येते. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चांद्यापासून वेगळा झाला. तिथून धानोऱ्याच्या वाटेवर लेखा गावाजवळ मेंढा हे गोंड बांधवांचे छोटेसे गाव लागते. मेंढा-लेखा हे नाव तुम्ही ऐकले असेल. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा याच गावाची. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला.

पण आपल्या आजच्या विषयाला धरून मला त्या गावातली एक गोष्ट सांगायची आहे. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांच्या संमतीने होतात. एकाचेही म्हणणे राहिले तर बोलणे पुढे चालू राहते. आणि ग्रामसभा भरते ती जमिनीवर. म्हातारे, बाया, तरुण पोरे, सगळे एका पातळीवर. कोण खुर्चीवर आणि कोण खाली, हा प्रश्नच उरत नाही.

ग्रामपंचायत, सेवा सोसायटी, दूध संस्था यांची कार्यालये चालवणाऱ्या वाचकांनी यावर थोडा विचार करावा. कार्यालयासाठी बिछायत घेताना आपण काय करतो? सरपंचांच्या किंवा अध्यक्षांच्या टेबलाखाली गालिचा, आणि लोकांना बसायला उघडी फरशी. मग लोक दारातच उभे राहतात, दोन शब्द बोलून निघून जातात, आणि आपण म्हणतो सभेला कोणी येत नाही. त्याच पैशात पाच-सहा मजबूत सतरंज्या किंवा दोन मोठी जाजमे येतात. कार्यालयात गालिच्याचा रंग गडद असावा, वीण सपाट असावी, आणि तो उचलून झटकण्याचे काम कोणाचे हे आधी ठरलेले असावे. पण सर्वांत आधी, तो कोणासाठी आहे हे ठरावे.

आणल्यावर सांभाळायचे कसे

आता काही गोष्टी घरच्या मंडळींसाठी.

चकचकीत टाइल्सवर कोणतीही बिछायत सरकते. म्हाताऱ्या माणसाचा पाय गेला तर खुब्याचे हाड मोडते आणि ते माणूस पुन्हा नीट चालेलच असे नाही. म्हणून खाली रबरी जाळी अंथरा, ती बाजारात मिळते. कडा सपाट असू द्या. न्हाणीच्या आणि स्वयंपाकघराच्या वाटेवर काहीही अंथरू नका.

फवारणी करून आलेल्या माणसाने त्याच कपड्यांनी सतरंजीवर बसू नये. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. औषध कपड्यांतून बिछायतीत उतरते आणि त्याच बिछायतीवर घरातले मूल रांगते. कपडे बाहेरच उतरवा, ते वेगळे धुवा, साबणाने अंग धुवा आणि मग बसा. बी-बियाणे, खते, औषधाचे डबे बैठकीच्या खोलीत ठेवूच नयेत.

बैठकीची बिछायत म्हणजे रात्रीचे अंथरूण नव्हे. धानाच्या मुलखात मण्यार रात्री उंदरांमागे, पालींमागे घरात शिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात ती येते. तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, आणि पहाटे पोटात कळा, पापण्या जड झाल्या की उशीर झालेला असतो. खाटेवर झोपा, मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा गादीखाली खोचा. म्हणजे मण्यार आणि हिवताप दोन्हींपासून बचाव होतो. दंशाची नुसती शंका आली तरी मांत्रिकाकडे न जाता सरळ सरकारी दवाखान्यात जा. गुंडाळून ठेवलेली चटई उलगडतानाही आधी काठीने झटका, मग हात घाला. विंचवाला अशी जागा फार आवडते.

आठवड्यातून एकदा सतरंजी अंगणात वळणीवर टाकून पालथ्या बाजूने काठीने बडवा. घरात दमेकरी असेल तर त्याने हे काम करू नये, जवळही थांबू नये. धुतल्यावर पुरती वाळू द्या. अर्धवट ओली घडी घातली की काळे ठिपके पडतात, ते पुन्हा निघत नाहीत. सणावारासाठी जपून ठेवायची असेल तर कडुनिंबाचा वाळलेला पाला घडीत घाला, आणि महिन्याकाठी एकदा ऊन दाखवा.

आजींचे उत्तर

पाहुणे आले, पाहून गेले. लेकीचे ठरले. सोयऱ्यांनी सतरंजीबद्दल विचारले तेव्हा ताईंनी आनंदवनाची म्हणून सांगितले. वराच्या आजोबांनी तिच्यावरून हात फिरवला आणि पान मागितले, एवढेच. मनात धरलेली भीती पुष्कळदा अशी एका पानात संपते.

मी पुन्हा त्या घरी गेलो तो श्रावणात. रोवणा आटोपला होता. पाच-सहा बाया हिशेबाला आल्या होत्या. नळावर पाय धुतले होते, तरी लुगड्याचे काठ चिखलाने भरलेले. त्या दारात आल्या, आतली बिछायत पाहिली आणि उंबऱ्याबाहेरच थबकल्या. एकीने खाली बसायला पदर सावरला सुद्धा.

आजी आपल्या नव्या चटईवरून म्हणाल्या, "भायेर कायले बसता बायांनो? आत या. ते धुवाची आहे."

बाया आत येऊन बसल्या. ताईंनी चहा आणला, दादांनी वही उघडली आणि एकेकीच्या दिवसांचा हिशेब सुरू झाला. सतरंजीला चिखल लागला. दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर धुतली गेली असणार.

तेव्हा वाचकहो, बाजारात गेलात की माप घ्या, पाठ पाहा, धागा जाळा, रंग घासा. हे सगळे कराच. पण पैसे देण्यापूर्वी एकदा डोळ्यांसमोर आपला उंबरठा आणा. तुमच्या शेतात राबणारी माणसे तिथे उभी आहेत असे समजा. जी बिछायत पाहून ती आत येतील, ती घ्या. जी पाहून दारात थबकतील, ती कितीही सुंदर असली तरी दुकानातच राहू द्या.